पंधराव्या दिवसाचं पान

"हात पुढं करा," काकी म्हणायच्या. हात पुढं केला की तांब्यातलं घोटभर पाणी तळव्यावर सोडायच्या, पोत्यातले चिमूटभर युरियाचे दाणे त्यात ठेवायच्या आणि आपल्या हातानं समोरच्याची मूठ मिटवायच्या. बघता बघता तळवा गार पडायचा.

"लागलं थंड?"

"लागलं."

"मंग खत असल हाय. आता बोला, काय काम काढलंत?"

ही परीक्षा सगळ्यांना द्यावी लागायची. खतवाल्या दुकानदाराला, शेतमालक शेठला, आणि पहिल्याच भेटीत मलाही. माझ्या एका हातात फाइल आणि दुसऱ्यात गार पाणी. युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो, म्हणून असं होतं, हे मी त्यांना समजावून सांगू लागले. काकींनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आसंल," त्या म्हणाल्या. "पन थंड लागलं का न्हाय?"

त्यांचा हा 'आसंल' मला कळायला वेळ लागला. तो होकार नसायचा आणि नकारही नसायचा. समोरचा चुकतोय हे पक्कं ठाऊक असलं तरी त्या 'आसंल' म्हणून बाजूला व्हायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. भांडत नाही, पण आपण घरी पोचेपर्यंत आपल्यालाच वाटू लागतं की आपलं काहीतरी चुकलं.

माझी भिवंडीत बदली झाली ती दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी. मी कृषी सहायक. गावोगाव फिरायचं, कोणी कुठलं भात लावलं ते लिहायचं, खत किती आणि कधी द्यायचं ते सांगायचं, प्रात्यक्षिकाचे प्लॉट घ्यायचे आणि या सगळ्याच्या याद्या ठेवायच्या. याद्या ठेवणं मला जमतं. पर्समध्ये कायम एक लहान वही असते. डावीकडे काम, उजवीकडे चौकट, काम झालं की चौकटीत बरोबरची खूण. ऑफिसात लोक या वहीला हसायचे आणि अडलं की तीच मागायला यायचे.

काकी माझ्या यादीत पहिल्याच वर्षी आल्या. राहायला कामतघरच्या चाळीत, एका खोलीत. मुलगा लूमवर पाळी करायचा. काकी आठ महिने एका कारखान्यात कांड्या भरायच्या, म्हणजे विणकामाचा दोरा चात्यांवर गुंडाळून द्यायच्या. उरलेले चार महिने त्या शेतकरी. माहेर-सासर दोन्ही आतल्या गावांतलं, पण तिथं जमीन उरली नव्हती. अंजूरच्या बाजूला एका शेठचं दीड एकर भातशेत त्या वीसेक वर्षं अर्धेलीनं करत होत्या. पिकेल त्यातलं अर्धं शेठचं, अर्धं त्यांचं.

हंगामाच्या तोंडावर कारखान्यातून थेट शेतावर आल्या की त्यांच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. बांधावरून जाणारा एखादा विचारायचा, "काय काकी, कापूस लावला का यंदा?"

"तुज्या डोक्यावर तर तेबी पिकत न्हाय," काकी म्हणायच्या. विचारणाऱ्याला टक्कल असायचं.

एकदा त्यांनी माझी वही मागून घेतली. वाचता येत नव्हतं, तरी पान न् पान उलटून पाहिलं.

"माजं वय काय लिवलंय?"

"पंचावन्न."

"बरं हाय. तेच ऱ्हाऊ द्या. दर साली वाढवू नका."

आता त्यांच्या हाताबद्दल. भाताला युरिया हातानं फेकून द्यायचा म्हणजे सोपं काम वाटतं. तसं ते नसतं. एक मूठ जास्त पडली तर तिथलं भात गर्द होतं, कमी पडली तर पिवळट राहतं. आठ-दहा दिवसांनी शेतात पट्टे दिसायला लागतात आणि कोणाचा हात कसा चालला ते गावभर कळतं. काकी आदल्या दिवशी युरिया ओलसर मातीत कालवून ठेवायच्या. सकाळी दव वाळेपर्यंत थांबायच्या, कारण पान ओलं असलं तर दाणा चिकटतो आणि पान जळतं. खाचरातलं पाणी काढून टाकायच्या. मग घमेलं कमरेवर घेऊन चिखलात उतरायच्या. एक पाऊल, एक मूठ. मध्ये कोणी हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. त्यांनी खत मारलेलं शेत पंधरा दिवसांनी बघावं, एका ठाणातून कापड उलगडल्यासारखा सगळीकडे एकच रंग.

शेजारच्या गावच्या एका मास्तरांनी हौसेनं स्वतःच खत मारलं. त्यांच्या शेतात उभे-आडवे असे दोन्ही पट्टे उठले. काकी बांधावर थांबल्या, कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, लूम कवा टाकला?"

"का हो काकी?"

"न्हाय, लुंगीचं कापड लई बेस इनलंय."

त्यानंतर मास्तर दर वर्षी काकींना बोलवायचे. आजूबाजूचे सात-आठ शेतकरी बोलवायचे. त्या सगळ्यांना त्यांचं एकच सांगणं असायचं. "आधी पान काय म्हनतंय ते बघू." मग पानाचा शेंडा चिमटीत धरायच्या, उन्हाकडे करायच्या, आणि कधी 'आज मारू', तर कधी 'आठ दिस थांब' असं सांगून निघून जायच्या.

पण सात-आठाचे पाच झाले, पाचाचे तीन. शेतं गोडाउनांखाली जात होती. तिसऱ्या वर्षी काकींच्या दीड एकराला तिन्ही बाजूंनी पत्र्याच्या भिंती होत्या. चौथ्या बाजूला रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एकाच शेतकऱ्याचं भात उरलं होतं. दुपारी पत्र्यांवरून ऊन उलटून शेतात पडायचं. काकी म्हणायच्या, "भाताला दोन दोन सूर्य झालेत."

शेठ वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायला हवं. त्याच्या वाडवडिलांनी हीच खाडीकाठची जमीन कसली होती. लहानपणी काकींच्या टोपलीतली भाकर त्यानं खाल्लेली होती, आणि तो त्यांना काकीच म्हणायचा. आजूबाजूचं सगळं त्यानं गोडाउनांना दिलं, एवढा तुकडा ठेवला तो आईसाठी. म्हातारीला घरच्या शेताचाच भात लागायचा. बाजारचा तांदूळ शिजवला की ती ताट पुढं सरकवायची.

त्या वर्षी जूनमध्ये शेठ शेतावर आला तेव्हा मी तिथंच होते.

"काकी, गेल्या साली सात पोती आली आपल्या वाट्याला. आईला वर्षभर पुरली नाय. शेवटी बाजारातून आणून, घरचाच आहे म्हणून सांगायला लागलं."

"मंग खाल्ला?"

"कुठला! पहिल्या घासाला ओळखला. मग मला सांगा, शेत ठेवून काय उपयोग? यंदा दहा पोती आली तर राहू दे. तुम्ही आहात तोवर करा, मी बोलणार नाय. नाय आली, तर भराव टाकतो. मलापण सगळे वेड्यात काढतात."

त्याच्या वाट्याला दहा, म्हणजे शेतात वीस. काकींनी मान हलवली. शेठची मोटरसायकल गेल्यावर त्या चिखलात पाय धूत बसल्या. मग म्हणाल्या, "म्याडमबाय, चार म्हैने हितं पाय भिजतात म्हनून आठ म्हैने तितं बसवतं. हे गेलं तर मी बाराई म्हैने कांड्या भरायच्या का?"

मला एक उपाय सुचला, आणि तो सांगताना माझ्या वहीत प्रात्यक्षिकाच्या पाच प्लॉटपैकी एक चौकट रिकामी होती, हेही इथं लिहून टाकते.

नत्र म्हणजे पिकाचा हिरवेपणा, असं मी शेतकऱ्यांना सांगते. कमी पडलं तर पान फिकं आणि फुटवे थोडे. जास्त झालं तर पान गर्द, रुंद, बघायला फार सुंदर, पण रोपाचं ताट आतून मऊ. लोंबीचं वजन आलं आणि वारा सुटला की आडवं. त्यात भात पाण्यात उभं असतं. वरून फेकलेल्या युरियातला बराचसा पिकाच्या तोंडी लागतच नाही. काही पाण्याबरोबर खाडीला जातो, काही हवेत उडतो. म्हणून त्या काळात आम्ही गोळ्यांचा प्रचार करत होतो. युरिया आणि डीएपी दाबून केलेली सुपारीएवढी गोळी. दोरी धरून रोपांची ओळीत आवणी करायची आणि चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुड्यांच्या, मधोमध एकेक गोळी चार-पाच बोटं खोल चिखलात खोचायची. ती मुळांजवळ हळूहळू विरघळत राहते. एकदाच द्यायची, वरून पुन्हा युरिया नाही.

"म्हंजे हातानं मारायचंच न्हाय?" काकींनी विचारलं.

"नाही."

त्यांनी गोळी घेतली, हातावर फिरवली, पाण्यात धरली. थंड लागलं की नाही ते सांगितलं नाही.

"यानं वीस पोती व्हतील?"

"नीट केलं तर होतील. पण एक गोष्ट आहे, काकी. सुरुवातीला हे भात फिकं दिसेल. वरून युरिया मारलेलं रस्त्यापलीकडचं भात पंधरा दिवसांत गर्द होईल, तुमचं नाही होणार. घाबरायचं नाही. तीन आठवड्यांनंतर बघा."

"आसंल," काकी म्हणाल्या.

मला ते खटकलं. म्हणून मी म्हटलं, "पंधराव्या दिवशी मी स्वतः येते. आपण दोघी मिळून पान बघू. तोवर काही करायचं नाही. कबूल?"

"तुमी येनार?"

"येणार. लिहून ठेवते." आणि त्यांच्यासमोर वहीत लिहिलं.

आवणीच्या दिवशी त्यांनी चार बायका आणल्या. दोरी धरणं, ओळ सांभाळणं, गोळी खोचणं, सगळ्यांच्या पाठी मोडल्या. एक बाई म्हणाली, "काकी, भात लावताय का चिखलाला सुया टोचताय?" काकींनी स्वतः एकही गोळी चुकू दिली नाही. दिवस कलताना त्यांनी रिकामं घमेलं बांधावर पालथं घातलं आणि म्हणाल्या, "आता धीराचं काम."

तेराव्या दिवशी खाडीचं पाणी शहरातल्या वस्त्यांत शिरलं. आम्हा सगळ्यांना पंचनाम्यांवर लावलं. दिवसभर निजामपुऱ्याच्या मागच्या गल्ल्यांतून हिंडायचं, भिजलेली धान्यं, भिजलेल्या गाद्या, भिजलेली सुताची बाचकी लिहायची. "मॅडम, हमारा भी लिखो," म्हणत लोक छत्रीखाली शिरायचे. पंधराव्या दिवशी मी तिथंच होते. दुपारी एकदा आठवण झाली. रिक्षानं गेले असते तर तासा-दीड तासात परत आले असते. पण पाय दुखत होते, पुढं अख्खी गल्ली उरली होती, आणि वाटलं, पंधरावा काय आणि अठरावा काय.

संध्याकाळी ऑफिसात प्रात्यक्षिकाची नोंदवही समोर आली. तारीख तीच होती, चौकट रिकामी होती. मी खूण केली. शेरा लिहिला : 'भेट दिली. पीक समाधानकारक.' हात असा सरळ चालला की मलाच नवल वाटलं.

अठराव्या दिवशीही जमलं नाही. पंचविसाव्या दिवशी गेले.

शेत गर्द हिरवं होतं. काळपट म्हणता येईल इतकं. कोणीही बघून खूश झालं असतं. मी पान हातात घेतलं. रुंद, लोंबतं, मऊ. गोळीचं भात असं नसतं.

"काकी, वरून युरिया मारलात?"

"न्हाय." त्या बांधाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी येनार व्हत्या."

"आले होते," मी म्हटलं. "तुम्ही नव्हतात."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण थकलेल्या माणसाकडे बघतो तसं पाहिलं.

"आसंल," त्या म्हणाल्या.

पाणी कमी करा, आता काहीही देऊ नका, एवढं सांगून मी निघाले.

सप्टेंबरभर ते शेत बघायला लोक थांबायचे. ट्रकवाले थांबायचे. ऑक्टोबरात लोंब्या भरत आल्या आणि दसऱ्याच्या सुमाराला वारा सुटला. दोन दिवस वारा आणि मागून पाऊस. तिसऱ्या दिवशी मी गेले, त्या वेळी मात्र कोणी न बोलावता. भात जमिनीला टेकलं होतं. नुसतं वाकलं नव्हतं, चटईसारखं पसरलं होतं, आणि लोंब्या पाण्यात होत्या. पाण्यातल्या दाण्याला मोड यायला वेळ लागत नाही.

काकी गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या राहून पडलेले चूड चार-चार एकत्र करून, त्यांच्याच पातींनी बांधून उभे करत होत्या. दीड एकर असं किती बांधणार? पण बांधत होत्या.

मला बघून हात धुतले. "चला, तुमाला एक दाखवते."

रस्त्याकडच्या कोपऱ्यात दोनेक गुंठ्यांचा तुकडा उभा होता. सरळ, ताठ, रंगानं थोडा फिका, आणि लोंब्या दाण्यांनी गच्च. वारा तोच, पाऊस तोच. मी एक लोंबी हातात घेतली आणि मग मला कळलं.

"इथं का नाही पडलं?" तरीही मी विचारलं.

"हितवर पोतं पुरलं न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. बाराव्या दिवशी शेठ कोणाला तरी घेऊन आला होता. रस्त्यापलीकडचं भात दाखवून म्हणाला, काकी, ते बघा कसं आहे आणि आपलं बघा, आजारी दिसतंय. एवढंच बोलून गेला. काकींच्या खाटेखाली मागच्या सालचं अर्धं पोतं होतं. पुढं एक दिवस ते आणून त्यांनी खाडीच्या बाजूनं सुरुवात केली आणि कोपऱ्याशी येईतो ते संपलं.

"सारकंच मारलंय पन," त्या म्हणाल्या. "बघा, कुटं पट्टा दिसनार न्हाय." आडव्या पडलेल्या शेतात उभं राहूनही त्यांना ते सांगावंसं वाटलं. आणि खरंच, सगळं सारखं पडलं होतं.

मग उभ्या तुकड्याकडे बोट करून म्हणाल्या, "हितं तुमचं खरं झालं. तुमच्या वहीत लिवा."

मी म्हटलं, "काकी, पंधराव्या दिवशी मी आले नव्हते."

"ठावं हाय."

"तेव्हा खोटं बोलले."

"मीबी बोलली की. झालं मंग."

"मी आले असते तर तुम्हाला थांबवलं असतं."

"न्हाय वो. तुमी आल्या असत्या तरी मी मारलाच असता. मलाच धीर न्हवता. जावा आता, पोरं वाट बघत असतील."

'तरी मी मारलाच असता' हे वाक्य मी घरी घेऊन गेले. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला शांत झोप लागली.

चौदा पोती झाली. त्यातली चार मोड आलेली. मळणीला शेठ आला, पोती पाहिली आणि एक दाणा दाताखाली धरला.

"काकी, तुमचा दोष नाय. पण आता बास करू. आईला मी समजावतो."

"कोपऱ्यातलं भात येगळं बांधून ठेवलंय," काकी म्हणाल्या. "तुमच्या आईला तेवडं घालून बगा. बाकीचं कोंबड्यांना."

मला प्रात्यक्षिकाचा अहवाल द्यायचा होता. शेतकऱ्यानं शिफारशीबाहेर खत दिलं, असं लिहिलं असतं तर ते खरं होतं. सहायकानं भेट दिली नाही, असं लिहिलं असतं तर तेही खरं होतं. मी लिहिलं : 'वाऱ्या-पावसाने पीक लोळले.' साहेबांनी सही केली. वाऱ्याला कोणी खुलासा विचारत नाही.

फेब्रुवारीत डंपर लागले. दीड एकर भरायला महिना तरी जाईल असं मला वाटलं होतं. नऊ दिवस गेले.

पुढच्या जूनमध्ये मी कामतघरला काकींच्या कारखान्यात गेले. आतल्या एका गावात गोळीचं प्रात्यक्षिक घ्यायचं होतं आणि तिथल्या बायका माझं ऐकून घ्यायच्या, करायच्या मात्र जुन्याच पद्धतीनं. कारखान्यात बोललेलं ऐकू येत नाही, ओरडावं लागतं. काकी चात्यांपुढं बसल्या होत्या. केसांतला कापूस आता कायमचा झाला होता.

"मी शिकवू?" त्या ओरडल्या. "माजं तर पडलं!"

"म्हणूनच!" मी ओरडले.

शेजारची बाई हसली. काकींनी तुटलेला दोरा जोडला आणि म्हणाल्या, "शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद."

आम्ही शुक्रवारी गेलो. काकी चिखलात उतरल्या आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या पाठीचा बाक सरळ झाल्यासारखा मला वाटला. वाकून काम करताना सरळ कसा होईल, ते मला सांगता येणार नाही. गोळी कुठं खोचायची, अंगठा किती दाबायचा, खोचल्यावर चिखलाचं तोंड कसं मिटवायचं, हे जे मला चार भेटींत सांगता आलं नसतं ते त्यांनी दोन तासांत सांगितलं. मग बांधावर बसून भाकर खाताना त्या बायकांना म्हणाल्या, "आता मुद्द्याचं ऐका. पान फिकं दिसनार. शेजारचं बघून जीव जळनार. हात आवरा. मी न्हाय आवरला, माजं भात झोपलं." बायका हसल्या. त्याही हसल्या. "पंधराव्या दिवशी या म्याडमबाय येतील. त्यांना दाखवल्याबिगर कायबी करू नका."

माझ्याकडे न बघता त्या हे बोलल्या.

त्यानंतर काकी मला दिसल्या नाहीत. आठवड्याभरानं कामतघरवरून जाताना सहज त्यांच्या खोलीशी गेले, तर दाराला दुसऱ्याच कोणाचा पडदा होता. मुलाच्या मालकानं लूम भंगारात काढले होते. शेजारीण म्हणाली, "बेटा सूरत की तरफ गया, काम मिला है. काकी को भी ले गया." तिथं कुठं राहतात, हे तिला माहीत नव्हतं. जवळपास भातशेती आहे का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

पंधराव्या दिवशी मी त्या आतल्या गावात गेले. निघायला उशीर झाला होता, जीप मध्येच बंद पडली होती. पोचले तेव्हा दुपार पार कलली होती. शेताच्या बांधावर त्या घरची तरुण सून बसली होती. शेजारी युरियाचं पोतं, तोंड सुतळीनं बांधलेलं.

"सकाळधरनं बसलेय," ती म्हणाली. "शेजारचं लई हिरवं झालंय, आमचं बघा कसं दिसतंय. सासरे म्हनतात मारून टाक. पन काकीनं सांगितलं व्हतं, म्याडम येतील, दिसभर बसाय लागलं तरी बस."

"बरं केलंस."

"त्यापन बसल्या व्हत्या ना मागल्या साली. पोतं असंच बांधलेलं. भाकरपन बांधावर खाल्ली म्हने. म्याडम येऊन नको म्हनल्या तर तसंच घरी न्यायचं, असं ठरवून आल्या व्हत्या. दिवस मावळाय आला तवा मंग सुतळी सोडली."

मी चिखलात उतरले, पान हातात धरलं.

"मागल्या सालच्या म्याडम दुसऱ्या व्हत्या का वो?" तिनं बांधावरून विचारलं. "काकीनं नाव न्हाय सांगितलं."

"मीच होते," मी म्हटलं.

मी पाच-सहा ठिकाणी पानं बघितली. फिकी होती, पण निरोगी होती, आणि मुळाशी नवे फुटवे आले होते.

"मंग काय करू? मारू?"

"नको. पोतं घरी ने."

तिनं पोतं डोक्यावर घेतलं आणि बांधावरून चालू लागली. घराच्या वळणाशी ती दिसेनाशी होईपर्यंत मी त्या चिखलात तशीच उभी होते.